एखादा जास्तीचा प्लग आहे का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या रविवारी आमच्या इथल्या फ्लाइंग क्लबानं आपलं फाटक सगळ्यांसाठी उघडलं होतं. वर्षातून एकदाच उघडतात. मैदानावर जुनी विमानं मांडलेली, अगदी हात लागेल इतक्या जवळून पाहायची. मंडप होता, आणि मंडप आला की कर्णा येतोच. विमानाच्या कार्यक्रमात लग्नाच्या वरातीतली गाणी कोण लावतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. आम्ही इंजिनाचा आवाज ऐकायला आलो होतो हो! असो.

मधोमध उभं होतं पुष्पक. रामायणातलं नव्हे, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीचं. 1958 साली ते पहिल्यांदा उडालं आणि मग देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. दोन माणसं शेजारीशेजारी बसणार, पंख डोक्यावर, इंजिन नव्वद अश्वशक्तीचं. नव्वद, बरं का. आज आपल्या दारातल्या मोटारीलाही जवळपास तेवढीच असते. आणि अंगावर पत्रा नाही, कापड! कापड ताणून बसवायचं आणि वर डोप नावाचं रोगण चढवायचं, की ते आणखी घट्ट होतं. टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. ‘विमानाला हात लावू नये’ अशी पाटी होती, पण ती मी टिचकी मारल्यानंतर वाचली.

याच कंपनीचं त्याआधीचं विमान एचटी-2. ते 1951 साली उडालं, आणि ते घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला, हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातले मोठे पंडित प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. कोल्हापूर म्हटलं की आपण तांबडा-पांढरा रस्सा सांगतो, तालीम सांगतो. घाटग्यांचं नाव कोण सांगतो? रस्सा मलाही आवडतो, तक्रार त्याबद्दल नाही.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येतो. एका कोपऱ्यात घोडीवर टायगर मॉथ विमानाचं इंजिन ठेवलं होतं. नाव जिप्सी मेजर. सिलिंडर चार, आणि प्रत्येकाला प्लग दोन-दोन. म्हणजे प्लग आठ. एक ठिणगी चुकली तर दुसरी असावी, म्हणून ही दुहेरी सोय. क्लबाच्या मेकॅनिककाकांनी ते आठही प्लग काढून ट्रेमध्ये ठेवले होते, लोकांनी हातात घेऊन बघावेत म्हणून. प्लग काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. स्कूटर तिरकी करून, किका मारून घाम फुटला, की शेवटी आपण प्लगच काढतो आणि पॉलिश पेपरनं घासतो. तोच तो प्लग.

तो हातात घेतला आणि मला 1930 साल आठवलं.

त्या वर्षी इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान यांचं एक बक्षीस होतं. जो भारतीय एकट्यानं विमान चालवत इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर महिन्याच्या आत पहिल्यांदा पार करील, त्याला पाचशे पौंड. उतरले तिघं. एक मनमोहन सिंग (पंतप्रधान झाले ते नव्हेत), दुसरे जे. आर. डी. टाटा, वय पंचवीस, आणि तिसरा अ‍ॅस्पी इंजिनियर (आडनावच इंजिनियर), वय सतरा. सतरा! आमच्या घरी सतरा वर्षांच्या मुलाला एसटीनं एकट्यानं सोलापूरला पाठवायचं तर दशम्या, पाण्याची बाटली, पोचल्यावर फोन कर, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस… आणि हा पोरगा उघड्या विमानातून, अंगावर वारा घेत, इंग्लंडहून कराचीला निघालेला. टाटा उलट्या दिशेनं, कराचीहून इंग्लंडला. दोघांकडेही जिप्सी मॉथ नावाचं विमान. एक इकडून, एक तिकडून, आणि मध्ये सगळं वाळवंट.

मे महिन्यात टाटा इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरच्या विमानतळावर उतरले. बघतात तर तिथं आणखी एक जिप्सी मॉथ उभं. शेजारी अ‍ॅस्पी. अडकून पडलेला. का? तर प्लग गेलेला, आणि जास्तीचा जवळ नाही. श्रोतेहो, परत सांगतो, इंग्लंडहून भारतात विमानानं निघालेला माणूस, आणि खिशात जास्तीचा प्लग नाही! आम्ही लुना घेऊन जेजुरीला जायचो तेव्हासुद्धा डिकीत एक असायचा.

टाटांकडे होते. ते आपले प्लग आपल्यापाशी ठेवू शकले असते. प्रतिस्पर्धी जमिनीवरच बसला असता, नियमही मोडला नसता. त्यांनी प्लग दिला. अ‍ॅस्पीचं इंजिन सुरू झालं, दोघं आपापल्या दिशेनं उडाले, आणि शर्यत जिंकली कोणी? अ‍ॅस्पीनं. तो कराचीला आधी पोचला.

हा किस्सा सांगताना सगळे टाटांच्या मोठ्या मनाबद्दल बोलतात. बरोबरच आहे. मला मात्र तो बिनप्लगाचा पोरगा जास्त आवडतो. पुढे तोच हवाई दलात गेला आणि 1960 साली हवाई दलाचा प्रमुख झाला. तेव्हा त्यांच्या खिशात प्लग असायचा का, हे मला फार विचारावंसं वाटतं. आणि टाटा? त्यांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणलं. ते तुम्ही शाळेत वाचलंय, त्यात मी वेळ घालवत नाही.

तर रविवारी हा सगळा किस्सा मी त्या घोडीपाशी उभं राहून जमलेल्या पोरांना सांगितला. पाच वाजले, मंडप उतरवायला लागले. मेकॅनिककाकांनी ट्रे उचलला, मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. पोरांचे खिसे तपासले, घोडीखाली वाकून पाहिलं. शेवटी फाटकाकडे निघालेल्या एका धोतर-टोपीतल्या आजोबांना हाक मारली. आजोबांनी निमूटपणे कोपरीच्या खिशातून प्लग काढून दिला.

“लुनाला बसतो का, बघणार होतो,” म्हणाले.

काकांनी प्लग फडक्यानं पुसला, ट्रेमध्ये ठेवला आणि हळूच म्हणाले, “मीही एकदा लावून पाहिला होता.”