दारावरची अक्षरं तशीच ठेवताना

नमस्कार मंडळी. खाली गेटजवळ उभी असलेली ती पिकअप तुम्ही येताना बघितलीच असेल, १९५१ ची डॉज. हिरवा रंग जिथे जिथे ऊन आणि हात लागले तिथून उडालाय, खालचा लाल प्रायमर दिसतो, आणि मला आत येताना तिघांनी तरी विचारलं की ताई, पेंटिंग कधी करणार. तर पेंटिंग करणार नाहीये. ते का, आणि मग एवढी दोन वर्षं नक्की केलं काय, हेच आज सांगायचंय.

आधी थोडं कुर्ल्याबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय ह्या गाडीला आपलं म्हणता येत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो ह्या गाड्या जोडायला सुरुवात झाली, ट्रकसुद्धा, डॉज आणि फार्गो नावाचे. शिवडीला जनरल मोटर्सची असेंब्ली तर १९२८ पासून होती, ती १९५४ ला बंद झाली. आपल्याला पद्मिनी टॅक्सी तेवढी आठवते, पण त्याच्या आधीपासून मुंबईचा माल वाहणाऱ्या गाड्या मुंबईतच जोडल्या जात होत्या.

आता दार. उजव्या दारावर पेंटरने हाताने लिहिलंय, "घाऊक भाजीपाला, भायखळा" आणि खाली पाच आकडी फोन नंबर. भायखळ्याचा घाऊक बाजार कधीच वाशीला गेला, तो नंबर कुठेच लागत नाही, पण अक्षरं आहेत. त्याच दाराच्या काचेखाली एक वीतभर जागा आहे जिथे रंगही नाही, प्रायमरही नाही, नुसता गुळगुळीत पत्रा आहे, कारण चालवणाऱ्याचं कोपर वर्षानुवर्षं तिथेच टेकत होतं. इंजिनाचे पार्ट मी परत आणू शकते, बेअरिंग मिळतं, पिस्टन मिळतो, नाही मिळाला तर लेथवर बनतो. ते कोपर मी कुठून आणणार?

म्हणून आम्ही ठरवलं की आतून सगळं नीट करायचं आणि बाहेरून फक्त सांभाळायचं. आमचे उस्ताद, आयुष्य कुर्ल्यात गेलेलं, आधी तयारच नव्हते, म्हणाले बेटा, लोक म्हणतील काम अर्धं सोडलं. मग त्यांनी पहिल्यांदा इंजिन उघडलं आणि त्यातच रमले. हे सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन, २१८ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाही, बाजूला ब्लॉकमध्येच. ह्याच्यात वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची नळी असते, तिला भोकं असतात, आणि तीच गार पाणी मागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत नेते. ती गंजून आतल्या आत विरघळते, बाहेरून काही कळत नाही, टेम्परेचरचा काटाही बरा दाखवतो, आणि मागचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत राहतात. आमची नळी हुकने ओढून काढली तर हातात नुसता भुगा आला. कुणी ही गाडी घेतली असेल तर रेडिएटर आणि पंप काढून आधी ही नळी बघा, कार्बोरेटरला नंतर हात लावा.

ब्रेकवर मी अजिबात तडजोड केली नाही. मास्टर सिलिंडर एकच, सर्किट एकच, म्हणजे एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. सगळे पाईप, होज, रबर नवे. मागचे ड्रम निमुळत्या एक्सलवर घट्ट बसलेले असतात, त्यांना पुलरच, म्हणजे ओढून काढायचं हत्यारच लागतं, हातोडा मारला तर आतलं बेअरिंग खराब होतं, आणि नट पूर्ण काढायचा नाही, थोड्या आट्यांवर राहू द्यायचा, नाहीतर ड्रम सुटला की अंगावर येतो. आणि डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत! पंक्चरवाल्याला आधी सांगायचंच, नाहीतर तो जोर लावून स्टड तोडतो. वायरिंग ६ व्होल्टचं ठेवलंय, पण वायर जाड, कारण तेवढ्याच वॉटला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट जातो. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, इथेनॉल सोसणारा घातला, आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर टिकत नाही.

ह्या सगळ्यात बाहेरचा रंग जपणं हे वेगळंच टेन्शन. ब्रेक ऑईलचा एक थेंब जुना रंग उचलून काढतो, म्हणून काम चालू असताना मडगार्डवर कायम आईच्या जुन्या गोधड्या. तरी माझ्याच हातून एक चूक झाली. पहिल्या महिन्यात मी बोनेटचा कोपरा पॉलिशच्या रबिंग कंपाऊंडने घासला, मळ निघतोय असं वाटलं, फडक्यावर हिरवा रंग आला तेव्हा कळलं की मळ नव्हता. हाताएवढा चकचकीत डाग आहे तिथे, तो आता तसाच राहणार. त्यानंतर आधी रुपयाएवढ्या जागेवर, तीसुद्धा न दिसणाऱ्या, करून बघायचं आणि मगच पुढे जायचं. कोरडं सँडिंग तर करूच नका, जुन्या रंगात शिसं असतं.

मुंबईत खरा शत्रू मीठ आहे. खारी हवा गंजाच्या खड्ड्यात जाऊन बसते, वरून मेण लावलं तरी खाली काम चालूच. म्हणून आधी साध्या पाण्याने, सौम्य साबणाने परत परत धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग मेण. क्लिअर लॅकर मारा असं बरेच जण सांगतात, मी नाही मारणार, पावसाळ्यात त्याच्याखाली दमट हवा शिरते, पापुद्रे सुटतात आणि सुटताना जुना रंग घेऊन जातात. हौद्याच्या लाकडी फळ्यांना मात्र बेलतेल दिलंय, जवसाचं उकळलेलं. ते तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पूर्ण सडला होता, तिथे नवा वेल्ड केला आणि रेड ऑक्साईड मारून तसाच ठेवला, नवा आहे तो नवाच दिसू दे. हल्ली मिठाचं पाणी मारून मुद्दाम गंज आणतात, ते मला पटत नाही, कारण त्यात कुणाचं कोपर नसतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी. त्यामुळे डिझेल इंजिन बसवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आधी हा नियम वाचा. आणि आपली गाडी मुळात मालवाहू, म्हणून कागदावर ती कुठल्या वापराची नोंदलीये हे पहिलं बघून घ्या.

चला, गाडी खाली आहे, बोनेट उघडं ठेवलंय, उस्ताद तिथेच आहेत, ते इंजिन चालू करून दाखवतील. दारावर हात फिरवायचा असेल तर खुशाल फिरवा, फक्त अंगठ्या आणि बांगड्या काढून.