गावाच्या वाट्याचे १६८ दिवस

सरपंच, सदस्य, आशाताई, बचत गटाच्या ताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी अशी सगळी मंडळी एका छपराखाली क्वचितच भेटतात. म्हणून टीबी म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. सरकारने काय करायचं आणि गावाने काय, एवढ्याच वाटणीबद्दल बोलू.

सरकारकडे यंत्रं आहेत. बेडक्यातला जंतू ओळखणारी आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही सांगणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी आता तालुक्याच्या पातळीपर्यंत आली आहे. औषध फुकट आहे. अडतं ते त्याच्या आधी. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं, तेव्हा लक्षणं असलेल्या शंभर जणांपैकी जवळपास ६४ जण दवाखान्याची पायरीच चढले नव्हते. त्यातल्या बहुतेकांनी खोकल्याकडे सरळ दुर्लक्ष केलं होतं. तंबाखूचा खोकला, धुळीचा खोकला, थंडीचा खोकला. तालुक्यातलं यंत्र या माणसाच्या दारात येत नाही. दोन आठवडे उलटले तरी शेजारच्या घरातला खोकला थांबत नाही, हे भिंतीपलीकडच्या माणसालाच ठाऊक असतं.

आता टीबीमुक्त पंचायतीचे निकष. ग्रामपंचायतींनी आपापलं गाव टीबीमुक्त करावं यासाठीचा हा सरकारी उपक्रम २४ मार्च २०२३ ला वाराणसीत जाहीर झाला. वर्षभरात हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी, हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, ८५ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी, किमान ६० टक्के रुग्णांची औषध-प्रतिरोध तपासणी (म्हणजे औषध जंतूवर चालतं की नाही ते पाहणं), आणि पोषण योजनेचे पैसे व आहाराची मदत शंभर टक्के रुग्णांना. हे निकष पूर्ण केले की पहिल्या वर्षी महात्मा गांधींचा कांस्य रंगाचा पुतळा, सलग दुसऱ्या वर्षी रुपेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी.

तुमच्या गावाची लोकसंख्या अडीच हजार धरा. म्हणजे वर्षाला ७५ तपासण्या, महिन्याला सहा-सात. फार नाहीत. तरीही बऱ्याच ठिकाणी हा आकडा डिसेंबरात एका दमात भरला जातो. शिबिर लागतं, ठणठणीत तरुण पोरांच्या हातात बेडक्याच्या डब्या दिल्या जातात, ७५ नमुने जातात, ७५ निगेटिव्ह येतात. कागद पूर्ण, आणि खोकणारा म्हातारा घरीच. तपासायचं कुणाला याची यादी ठरलेली आहे: गेल्या काही वर्षांत टीबी होऊन गेलेले, रुग्णाच्या घरात राहणारे, मधुमेही, अंगावर मांस नसलेले, दारू-विडीचं व्यसन असलेले, साठी ओलांडलेले. ही यादी आशाताईंच्या वहीत निम्मी तयारच असते. यातल्या ज्यांना खोकला नाही त्यांचा किमान एक्स-रे काढून घ्या, कारण त्याच सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे हाती लागले होते.

दुसरा धोका हजारी एकच्या निकषात आहे. रुग्ण सापडला तर पुतळा जाईल, या भीतीने रुग्णाचा पत्ता पाहुण्यांच्या गावचा लिहायला सांगितला जातो. स्पष्टच बोलतो, ही चोरी आहे, आणि तिची किंमत त्या रुग्णाच्या घरातलं लहान मूल मोजतं. कारण पत्ता दुसरीकडे गेला की घरभेट होत नाही, आणि घरच्यांची तपासणीही राहून जाते. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यांचंही असंच होतं. २०१२ पासून त्यांची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि नोंद झाली की पोषणाचे पैसे त्यांनाही मिळतात. पण गावाच्या यादीत ते बहुधा नसतातच.

बेडक्याच्या डबीबद्दल दोन मिनिटं देतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. आरोग्य केंद्रात येतो तो नमुना पुष्कळदा पांढरा, फेसाळ, पाण्यासारखा असतो. ती लाळ. तिच्यात जंतू सापडला नाही म्हणजे छातीत तो नाही, असं होत नाही. माणसाला उघड्यावर, वाऱ्याच्या जागी उभं करा; बंद खोलीत किंवा संडासात नको. साध्या पाण्याने चूळ भरायला लावा. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन, धरून, पोटातून खोकायला सांगा. घट्ट, पिवळसर, चिकट असं निदान दोन मिलिलिटर हवं, म्हणजे अर्धा चमचा तरी. सकाळी उठल्याउठल्याचा बेडका सगळ्यात चांगला. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. प्रयोगशाळेत चार झाकणं एकदम उघडली की नावांची अदलाबदल होते. डबी उन्हात ठेवू नका आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. एसटीने जाणारा कॉलेजचा मुलगा असो की दूध घालायला जाणारा, नमुना कोण नेणार हे ग्रामपंचायतीने ठरवून टाकावं. नीट बंद केलेली डबी नेल्याने रोग होत नाही, हेही त्याला सांगावं.

निदान झालं की साध्या, म्हणजे नेहमीची औषधं चालणाऱ्या टीबीचे १६८ डोस. पहिले ५६ चार औषधांचे, पुढचे ११२ तीन औषधांचे, रोज, वजनानुसार. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी होते आणि घरात घबराट उडते. तो रिफाम्पिसिनचा रंग, त्यात काही नाही, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर गोळ्या तिथेच बंद होतात. मळमळ होते, सांधे दुखतात. त्यावर उपाय आहेत. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली किंवा नजर अंधुक झाली तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

खरी गळती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ताप गेलेला असतो, भूक लागते, दोन किलो वजन वाढलेलं असतं आणि शेतात काम पडलेलं असतं. माणूस म्हणतो, झालो बरा. पण सगळे जंतू मेलेले नसतात, आणि अर्धवट औषधातून वाचलेल्यांवर पुढे ते औषध चालत नाही. इथे उपचार सहायक लागतो. आशाताई असेल, बरा झालेला रुग्ण असेल, किराणा दुकानदार असेल. त्याने ‘गोळी घेतली का’ असं विचारू नये, कारण त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं. रिकामी पाकिटं मागवावीत आणि मोजावीत. उपचार पूर्ण झाल्यावर सहायकाला हजार रुपये मानधन असतं.

पैशाचं थोडक्यात. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ऐवजी १००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत: सुरुवातीला ३००० आणि ८४ दिवस पूर्ण झाल्यावर ३०००. हे ८४ दिवस म्हणजे बरोबर १६८ चा मध्य, गळतीच्याच वळणावर. हप्ता अडकतो तो नेहमीच्याच कारणांनी. केवायसी नसल्याने खातं बंद, आधार जोडलेलं नाही, नाव एका ठिकाणी माहेरचं नि दुसरीकडे सासरचं, किंवा घरातल्या दोन रुग्णांना एकच खातं. वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाकडे अख्खा तालुका असतो, त्याच्याने रुग्णाला हाताला धरून बँकेत नेणं होणार नाही. ग्रामपंचायत अधिकारी आणि बँक मित्र यांचं हे एका सकाळचं काम आहे.

आहाराबाबत झारखंडमधल्या अभ्यासाचा आधार आहे. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण, फक्त रुग्णाला शिधा दिलेल्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी निघालं. निक्षय मित्र म्हणजे रुग्णाला आहाराची मदत देणारी व्यक्ती किंवा संस्था. त्याच्या किटमध्ये प्रौढासाठी महिन्याला तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे सुचवलेले आहेत. बचत गट, दूध संघ, पतसंस्था कुणीही मित्र होऊ शकतं. मात्र रुग्णाची संमती घेतल्याशिवाय नाही. आणि ते ग्रामसभेत उभं करून, हार घालून, मोबाइलवर फोटो काढणं बंद करा. रुग्ण लग्नाला आलेल्या मुलीचा बाप असेल, तर तो फोटो पाहिल्यावर पुढच्या महिन्यात तो किट घ्यायला येणार नाही, कदाचित गोळ्या घ्यायलाही नाही. किट आशाताईच्या पिशवीतून घरी गेलं तरी पोट भरतंच.

घरातल्या बाकीच्यांना टीबी नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध देतात: रोज एक असं सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा डोस. ‘धडधाकट माणसाने औषध का खायचं’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि सरकारी माणसाच्या उत्तरापेक्षा गावातल्या बऱ्या झालेल्या रुग्णाचं उत्तर जास्त पटतं.

शेवटचं, ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि १६८ पैकी साठ-सत्तर डोस झालेला माणूस दोन जिल्हे ओलांडून जातो. निघण्याआधी आठवडाभर तरी मुकादमाकडून टोळीची यादी घ्या आणि ती रुग्णांच्या यादीशी पर्यवेक्षकाला पडताळू द्या, म्हणजे कुणाचं नाव मुकादमापर्यंत जात नाही. त्या रुग्णाला पुढच्या काही आठवड्यांच्या गोळ्या बरोबर द्या, त्याचा निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदीतला त्याचा क्रमांक) उपचार कार्डावर आणि घरच्या एखाद्याच्या मोबाइलमध्येही असू द्या. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे त्याची नोंद ऑनलाइन वर्ग होते, फक्त तो कुठल्या कारखान्यावर चालला आहे हे कुणीतरी वेळेत कळवायला हवं.