सिपना म्हणजे साग

(सेमाडोहचा पूल, पहाटेचं धुकं. सुरुवातीला फक्त पाण्याचा आवाज.)

ही सिपना नदी. परतवाडा सुटलं, घटांगची वळणं संपली की सेमाडोहला ती भेटते. मेळघाटात पहिल्यांदा येणाऱ्याला सिपना हे एखाद्या मुलीचं नाव वाटतं. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग. दोन्ही काठांवर बघा, दुसरं नाव ठेवलं असतं तरच नवल.

२६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला, शुक्रवारची रजा टाकली आणि चार दिवस हाताशी आले. एका कोरकू गावात आरोग्य शिबिर घ्यायला अमरावतीहून निघालेली ही आमच्या चर्चची मंडळी. चौदा जण. एक दंतवैद्य, दोन नर्स, एक निवृत्त आरोग्यसेवक, पाळकसाहेब, बाकी तरुण संघ. गाडीच्या टपावर औषधांचे खोके, सतरंज्या, पेटी, ढोलकी, तांदळाचं पोतं. आणि तो निळा डबा. त्याच्याकडे पुढे येऊ.

वरून घेतलेलं जंगल या फिल्ममध्ये नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, ड्रोन उडवायला वनविभागाची परवानगी लागते, आणि ती मागायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. तेव्हा जे दिसेल ते माणसाच्या उंचीवरून.

(गावाची मुख्य वाट. कॅमेरा चालत पुढे जातो.)

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कोरकू गाव असंच असतं: मधे रुंद वाट, दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या लांब ओळी. ओटे शेणाने सारवलेले, भिंतींवर पांढऱ्या मातीची नक्षी. आणि हे दरवाजे. एक, दोन, तीन, चार... कड्या लावलेल्या, काहींपुढे काटेरी फांद्या टाकलेल्या. दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर पडतात, कुणी वीटभट्टीवर, कुणी हरभरा काढायला, ती परततात होळीला. आम्ही जानेवारीत गेलो. सुट्टी आमची होती ना!

राहिलेल्यांत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाया. आमच्या नर्सताई मराठीत विचारतात, "आजी, किती दिवसांपासून दुखतंय?" आजी हसतात. मग हिंदीत. आजी पुन्हा हसतात. शेवटी ही मुलगी पुढे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. चारही दिवस आमचं शिबिर हिच्याच जिभेवर चाललं.

इथे थोडं मागे जावं लागेल.

(जुना नकाशा, अचलपूरचा दरवाजा.)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांत चढायची वाट एलिचपुरातून, म्हणजे आजच्या अचलपुरातून जायची. अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी तिथे येऊन राहिले आणि कोरकूंमध्ये काम करू लागले. पुढे 'कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन' उभं राहिलं; तेव्हा कोरकूंना कागदोपत्री कुरकू लिहायचे. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने पाहिला तसा या डोंगरांनीही पाहिला. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, कलकत्त्याला एक पुस्तक छापून निघालं: कोरकू भाषेचं व्याकरण. लिहिणारे जॉन ड्रेक, याच मिशनमधले.

व्याकरण चार दिवसांत लिहिता येत नाही. ओट्यावर बसावं लागतं, चुकीचं बोलून हसू करून घ्यावं लागतं. ही भाषा मराठीची बहीण नाही, शेजारच्या गोंडीचीही नाही. तिची नाती थेट झारखंडातल्या संथाली आणि मुंडारीशी, म्हणजे पार दूर. कोर म्हणजे माणूस. दोन माणसं असली तर कोरकिंग. बरीच असली तर कोरकू. संस्कृतातलं द्विवचन आपण शाळेत रडत-रडत पाठ केलं, इथे चुलीपाशी पोरं ते वापरतात. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून थोड्या जास्त लोकांनी आपली मातृभाषा कोरकू सांगितली. आमच्या चौदा जणांना मिळून तिचे किती शब्द येत होते? दोन. डा म्हणजे पाणी, आणि कुला म्हणजे वाघ. दुसरा ड्रायव्हरने शिकवला होता.

(शाळेचा व्हरांडा. शिबिर.)

एक नियम पाळकसाहेबांनी निघतानाच घालून दिला होता. औषधाच्या टेबलावर प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेच्या सतरंजीवर औषध नाही. कुणाला वाटू नये की गोळी हवी तर गाणं म्हणावं लागेल. हे मला फार पटलं, म्हणून सांगतो.

दीडशेच्या आसपास माणसं तपासली. दोघांना धारणीच्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. एक गेले, दुसऱ्या बाईंचा नवरा भट्टीवर होता, त्या थांबल्या. भुमका, म्हणजे गावचे पुजारी आणि वैदू, तेही दाढ दाखवायला आले होते, पण त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितला. दाढ निघाली.

आता तो निळा डबा. त्यात चष्मे आहेत, जवळचं बघायचे, एकपासून तीन नंबरपर्यंत. या आजी सुपात कुटकी निवडतायत. बोटं बघा. दाणा मोहरीएवढा, खडाही तेवढाच, आणि खडा ओळखतायत त्या चिमटीत धरून. आमच्या तरुण संघातला हा मुलगा आधी दीड नंबर लावतो. मान हलते, नाही. दोन. नाही. अडीच.

(इथे निवेदन नाही. आजी सुपात बघतात. दृश्य पूर्ण जाऊ द्यावं.)

शनिवारी रात्री गावातली चार-पाच माणसं आली आणि तुम्ही इथे नेमके कशासाठी आलात, असं त्यांनी विचारलं. तासभर बोलणं झालं. कॅमेरा तेव्हा सोलरवर चार्जिंगला होता.

(रविवार सकाळ. पेटी, ढोलकी.)

गावात ख्रिस्ती घरं तीन. त्यांतल्या एकाच्या अंगणात उपासना. ना. वा. टिळकांची भजनं आम्ही लहानपणापासून टाळ-ढोलकीवर म्हणत आलो, तीच इथे म्हटली. दुसऱ्या भजनाला पलीकडच्या घरातून एक बासरी लागली, मग एक ढोल. बासरीवाला ख्रिस्ती नाही. त्याला चाल आवडली एवढंच, असं त्याने नंतर सांगितलं.

मग पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. सातवीतली आमची दुभाषी शेजारी. त्यांचं पहिलंच वाक्य, आपल्या चर्चच्या मराठीत: "देवाने आम्हांवर प्रीती केली." मुलगी थांबली. तिच्या भाषेतही आपल्यासारखे दोन शब्द आहेत, आम्हीसाठी एक, आपणसाठी दुसरा. तिने खालच्या आवाजात विचारलं, "सर, आम्ही म्हणजे तुम्हीच, का आपण सगळे?"

पाळकसाहेबांचा चेहरा बघा. पंचवीस वर्षं ते हे वाक्य म्हणत आलेत.

"आपण," ते म्हणाले. "आपण सांग."

(गावाबाहेर. सागाचे कोरलेले खांब.)

हे मुंडा, मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा माणूस. ऊन तिरपं होतं, म्हणून कोरीवकाम इतकं उठून दिसतंय.

सोमवारी शाळेत झेंडावंदन झालं. मुलांबरोबर आम्हीही रांगेत. समोरून तिसरी, लाल रिबीनवाली, तीच आपली दुभाषी.

याच मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अख्खं आयुष्य घातलं. २०१९ ला दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे लोक कोणत्या भाषेत दुखणं सांगत असतील, ते आता त्यांनाच विचारायचं, असं आमच्या दोन नर्सताई म्हणतात.

(परतीची गाडी. मांडीवर उघडी वही.)

ही वही आमच्या गटातल्या एका मुलीची. उपासनेच्या चिठ्ठ्या लिहायला आणली होती. मागून उलटी धरून तिने शब्द लिहिलेत, डावीकडे मराठी, उजवीकडे कोरकू. एकेचाळीस आहेत. पोट, ताप, काल, उद्या, दुखतं, दुखत नाही. सगळे त्या सातवीतल्या मुलीने तपासून दिलेले, चार ठिकाणी तिची लाल खोडाखोड दिसते.

सगळ्यात खाली 'चष्मा' आहे. त्याच्यापुढची जागा रिकामी. आजींना जाऊन विचारलं होतं. त्यांनी नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "चष्मा."