बिलात ४ लिटर, इंजिनात ३.१

ही डिपस्टिक, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी. पुसली, परत घातली, परत काढली. तेलाची रेघ दोन खुणांच्या मधे आहे, पण रंग काळा, आणि तेवढ्यावरनंच लोक घाबरतात. काळं म्हणजे खराब असं नसतं हो, काजळी धरून ठेवायला तेलात डिटर्जंट असतं, ते काम करतंय म्हणून काळं. डिझेल गाडीत तर नवीन तेल बघता बघता काळं होतं.

आता हे माझं मागच्या वर्षीचं बिल. सर्व्हिस सेंटरचं नाव झाकलंय. इंजिन ऑईल ४ लिटर. आणि हे मॅन्युअलचं पान, फिल्टरसकट ३.१ लिटर. उरलेलं गेलं कुठं? तर म्हणे साहेब, कॅन एकदा फोडला की फोडला. बरं, मग फोडलेला कॅन तरी द्या की. खाली इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं, तो पण लावलाय, तो माझ्या मॅन्युअलमधे कुठंच नाही.

म्हणून या वेळी तेल आपणच आणलं, नाना पेठेतनं, दुकानात कॅमेरा नको म्हणाले त्यामुळे थेट गॅरेजवर आलोय. डबा जवळनं बघा, ५डब्ल्यू-३०. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा गारठ्यात तेल किती वाहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, किती जाड राहतं त्याचा. आपल्याकडे एक समज पक्का, उन्हाळा आहे ना, मग जाड तेल टाका, २०डब्ल्यू-५०. जुन्या गाड्यांना चालायचं ते. आताच्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक असतात, मॅन्युअल ०डब्ल्यू-२० म्हणत असेल तर तेच घालायचं, मग शेजारचे काका काही का म्हणेनात. खाली लिहिलंय एपीआय एसपी, हा पेट्रोल गाड्यांचा २०२० सालचा दर्जा, मॅन्युअलमधे आधीचा एसएन असेल तरी हा चालतो, उलटं नाही. आणि उरलेलं तेल बाईकमधे ओतू नका, बऱ्याच बाईकचा क्लच तेलातच बुडालेला असतो, तो घसरतो, तिला जासो एमए दर्जाचं तेल लागतं.

आता मिस्त्रींचे हात बघा. इंजिन कोमट ठेवलंय. जुनं तेल काढायचा बोल्ट पान्यानं सैल केला, शेवटचे वेढे बोटांनी. ही धार... आधी जाड, मग दोऱ्यासारखी, मग थेंब थेंब. घाई नाही. बोल्टाला नवीन वॉशर. नवीन फिल्टरच्या रबराला बोटभर तेल चोळलं आणि हातानंच आवळला, पाना नाही. तीन लिटर ओतलं, गाडी मिनिटभर चालू, बंद, मग पाच मिनिटं थांबायचं.

तोवर हिशोब. तेल, फिल्टर, मजुरी धरून मागच्या बिलाच्या निम्म्यात. वॉरंटी असेल तर आधी तिच्या अटी वाचा, आणि तेल-फिल्टरची बिलं जपून ठेवा. माझं मॅन्युअल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष म्हणतं, पण रोज हिंजवडीला जाणाऱ्यांनी जरा आधीच बदला, सिग्नलला किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असतं.

जुनं तेल या कॅनमधे, २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचरा, अधिकृत रिसायकलरकडेच जायला पाहिजे. मागे दिसतोय तो नाला.

आणि परत डिपस्टिक. नवीन तेल इतकं नितळ की रेघच दिसेना, मिस्त्रींनी ती उन्हात तिरकी धरली.