फेलिक्स : हुकूमशहाचं नाव आणि गुलामाचंही

नमस्कार मंडळी! आज एकच नाव घेऊया, फेलिक्स. गोव्यात ते पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याच्या नावांबरोबर आलं. नाव मात्र अस्सल रोमन.

अर्थ काय? भाग्यवान. पण जुन्या लॅटिनमध्ये फळं धरणाऱ्या झाडालाही फेलिक्सच म्हणत. त्याचं मूळ दूध पिण्या-पाजण्याच्या धातूत आहे, आणि आपली 'धेनू'सुद्धा त्याच मुळातून आलेली! रोमन माणसाच्या लेखी भाग्य म्हणजे देवांची कृपा. ती दिसायची पिकात, मुलाबाळांत, लढाईत.

आता रोमचा सेनापती आणि हुकूमशहा सुल्ला याच्याकडे बघा. इ.स.पू. 82 मध्ये रोमच्या वेशीवर त्यानं यादवी युद्ध जिंकलं, विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या आणि त्यांना ठार मारण्याची मोकळीक दिली. त्यानंतर त्यानं अधिकृतपणे 'फेलिक्स' हे नाव घेतलं. म्हणजे काय, तर मी जिंकलो, कारण देव माझ्या बाजूला आहेत! मला हे फार भयंकर वाटतं. एवढं रक्त सांडलं आणि त्यावर शिक्का कशाचा, तर दैवी कृपेचा. पुढे सम्राट कोमोडसनंही ही पदवी घेतली आणि नंतरच्या सम्राटांच्या बिरुदावलीत ती कायमची बसली.

आणि हेच नाव रोमन मालक आपल्या गुलामांना सर्रास ठेवत. शिलालेखांत असे फेलिक्स जागोजागी भेटतात. त्यांतल्या काहींचा उत्कर्षही झाला. अँटोनियस फेलिक्स मूळचा गुलाम, मुक्त झाला आणि सम्राट क्लॉडियसच्या कृपेनं यहुदियाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या रोमन प्रांताचा, अधिकारी बनला. बायबलमध्ये संत पौलाला कैदेत ठेवणारा, लाचेची वाट बघणारा फेलिक्स तो हाच.

ख्रिस्ती लोकांनी मात्र हे नाव आपलंसं केलं. इटलीतल्या नोला गावच्या संत फेलिक्सचा सण 14 जानेवारीला असतो. पौलिनस नावाचा कवी त्या सणासाठी दरवर्षी नवी कविता रचायचा.

याच मुळाचं मुलींचं नाव फेलिसिटास. इ.स. 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला ख्रिस्ती धर्मासाठी मारली गेलेली फेलिसिटास गुलाम होती. तुरुंगात बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत तिला रिंगणात श्वापदांपुढे सोडलं. माझ्या मते सुल्लापेक्षा या नावावर तिचाच हक्क मोठा.