एक माणूस, चार केस, एकच पाकीट

नागपूर. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहाचं मागचं दार. ऑटोतून आधी वाद्यांच्या केसेस उतरतात, दोन मोठ्या, एक मधली, एक एवढुशी, आणि सगळ्यात शेवटी माणूस. आयोजकांच्या यादीत यांच्यापुढे फक्त गिटार लिहिलंय, पण कार्यक्रम जुन्या गाण्यांचा आहे म्हणजे मॅन्डोलिन लागणारच, आणि दोन गाण्यांत हवाईयन गिटारचे पीस आहेत ते कोण वाजवणार, हेच वाजवणार.

लोकांना वाटते गिटार येते म्हणजे बाकीचं आपोआपच येत असेल. तसं नसते नं भाऊ. गिटारला सहा तारा, मॅन्डोलिनला आठ, पण त्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी पुढचीशी सा-प च्या नात्यात लागते, व्हायोलिनसारखीच, म्हणून गिटारवरच्या कॉर्डचे आकार इथे बाद. त्यात तारेची लांबी गिटारच्या निम्म्याहून जरा जास्त, वरच्या पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, बोट ठेवायला जागा नाही, आणि सूर टिकत नाही म्हणून पिक, म्हणजे तार छेडायची चकती, सतत खालीवर चालूच. हवाईयनचा तर खेळच उलटा. गिटार मांडीवर आडवी, तार दाबायचीच नाही, वरून स्टीलचा बार सरकवायचा, पडदे फक्त डोळ्याला खूण म्हणून, बार केसभर सरकला की हॉलभर बेसूर.

याच हवाईयनवर ब्रिजभूषण काबरांनी राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी तिला मोहनवीणा केलं आणि १९९४ ला ग्रॅमी आणलं. ते एका वाद्याला आयुष्य देणारे लोक. यांचं काम वेगळं, यांना शनिवारपर्यंत चारही वाद्यं वाजवण्यालायक ठेवायची असतात, आणि खरं सांगायचं तर मला हेही काही सोपं वाटत नाही.

बाकी वर्ष असं जाते की सकाळी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षांवाली पोरं, लग्नसराईत संगीतला युकुलेले, म्हणजे चार तारांची बारकी गिटार, डिसेंबरात नागपूरच्या सदर भागाकडे नाताळची कॅरल गाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कार्यक्रम कमी आणि दुरुस्ती जास्त, लाकूड सुकून आकसते, पडद्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात, मग हे कानशीने एकेक टोक घासत बसतात, कूलरपासून लांब, कारण त्याची ओल लाकडाला चालत नाही.

आता पैशाचं. अमेरिकेत वादकांच्या युनियनच्या करारांमध्ये याला डबलिंग म्हणतात, एकाच वादकाने दुसरं वाद्य वाजवलं तर बहुतेक ठिकाणी जादा मानधन. आपल्याकडे फोन येतो, येताना मॅन्डोलिन पण घेऊन या नं, जसं काही येताना बर्डीच्या बाजारातून भाजी आणायची आहे. पाकीट एकाच वाद्याचं. यंदापासून यांनी मॅन्डोलिनचे वेगळे सांगायला सुरुवात केली, तर एका आयोजकाने ते पीस कीबोर्डवर घेतले. दुसऱ्याने दिले, घासाघीस करून, पण दिले.