बंदूक विकायची तर आधी 45 दिवस

मंडळी, आपल्या सिंधुदुर्गात बंदूक म्हणजे गुंडापुंडांची वस्तू नव्हे. रानडुकरं शेतात उतरतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढून घेतलेली ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक इथल्या कितीतरी घरांत आहे. आता शेती सुटली, मुलं मुंबईला गेली आणि बंदूक विकायचा विचार सुरू झाला. गावातल्याच परवानाधारकाला ती द्यायची, एवढा साधा व्यवहार. त्यातच माणसं अडकतात, म्हणून आज मुद्दाम यावर बोलतोय.

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्रपरवान्यांचं काम बघणाऱ्या दंडाधिकारी शाखेत नोकरी करताना एक प्रश्न मला नेहमी ऐकू यायचा: "बंदूक माझी, मगे विकूक तुमका सांगूचा कित्याक?" प्रश्न रास्त आहे आणि कायद्यानेही त्याचा मान ठेवलाय. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 5 सांगतं की स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. अट एवढीच की जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे.

हे 45 दिवस लोकांना जाच वाटतात. मला तो या कायद्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. घेणारा माणूस कोण आहे, त्याचा परवाना चालू आहे का, त्याच्यावर गुन्हा आहे का, हे पोलिसांना तपासायला तेवढाच अवधी मिळतो. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखत असाल, पण परवाना रद्द झाल्याचं कोणी चारचौघांत सांगत नाही. म्हणून त्या लेखी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. दिवस तिथून मोजायचे. ते भरले तरी शाखेत चौकशी करा, काय ते लेखी घ्या, मगच बंदूक त्याच्या हाती द्या. "पैसे घेतलेत, बंदूक घेऊन जा, कागद मागाहून करू" असं म्हणालात तर ती कलम 5 मोडून केलेली विक्री. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

घेणाऱ्याचा परवाना स्वतः हातात घेऊन वाचा. फोटोवर भागवू नका. मुदत बघा, कुठल्या प्रकारच्या शस्त्राचा आहे ते बघा, आणि त्याच्या नावावर आधीच दोन शस्त्रं नाहीत ना तेही बघा. पूर्वी तीन चालत, आता दोनच. तो 21 वर्षांचा तरी हवा. मग बंदुकीवरचा नंबर तुमच्या परवान्याशी जुळवा. कोकणातल्या दमट हवेत जुन्या नळ्या गंजतात, वर्षानुवर्षं घासूनपुसून आकडे बुजतात. त्यावर खडू चोळून बघा, आकडे उठून दिसतात. तरीही नंबर वाचता येत नसेल तर आधी शाखेत दाखवा. आणि उरलेली काडतुसं "राहू देत तुझ्याकडेच" म्हणून देऊ नका. काडतुसांनाही हाच नियम आहे, त्यांची संख्या त्याच पत्रात लिहा.

खरी अडचण होते ती परवानाधारक वारल्यावर. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कोणाला बंदूक आठवत नाही. ती माळ्यावर तशीच राहते आणि घरातल्या बाईला कल्पनाही नसते की आता ती बंदूक विनापरवाना झाली आहे. मुलगा वारस असतो, पण वडिलांचा परवाना वारशाने येत नाही. अशा वेळी कलम 21 प्रमाणे विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे गेली, ही भीती काढून टाका. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते, नाहीतर पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते, म्हणून जमा करतानाच ही मुदत विचारून घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहिलाय का, काडतुसं किती लिहिलीत, हे ठाण्यातच उभं राहून वाचा. आणि ती पावती सातबाऱ्याच्या फायलीत लावून घरातल्या बाईला दाखवून ठेवा.